स्वस्त सर्व्हरवर के३एस: दोन जीबीत क्लस्टर उभा करताना

तुमच्याकडे एकच सर्व्हर असेल आणि त्यावर एक ॲप आणि त्याचा डेटाबेस एवढंच चालत असेल, तर इथेच थांबा. डॉकर कंपोझ, म्हणजे एकाच मशीनवर ॲप चालवणाऱ्या साधनाची एक फाइल लिहा आणि निवांत झोपा. क्लस्टरचा, म्हणजे अनेक मशीन जोडून एकासारखी चालवण्याचा, विचार करायचा तो दोन-तीन छोटे व्हीपीएस (भाड्याचे आभासी सर्व्हर) साचल्यावर. एकावर संस्थेची वेबसाइट, दुसऱ्यावर कुणाला तरी करून दिलेला फॉर्म, तिसऱ्यावर रात्री चालणारी स्क्रिप्ट, आणि कुठे काय आहे याची नोंद फक्त आपल्या डोक्यात. मीही असाच या वाटेला लागलो.

असा क्लस्टर सांभाळणारी प्रणाली म्हणजे कुबरनेटिस. हा मूळ ग्रीक शब्द. अर्थ, सुकाणू धरणारा; आपल्या किनाऱ्यावर त्याला तांडेल म्हणतील. 'या ॲपच्या दोन प्रती चालू राहू देत' एवढं त्याला लेखी द्यायचं. कुठल्या मशीनवर चालवायच्या, एक बंद पडली तर दुसरी कुठे उभी करायची, हे तो बघतो. गूगलने तो २०१४ मध्ये जाहीर केला, पण त्याचा संसार मोठ्या डेटासेंटरच्या मापाचा. रँचर लॅब्जने २०१९ मध्ये त्याचं आटोपशीर रूप काढलं, ते के३एस. नावाची गंमत अशी: कुबरनेटिस रोमनमध्ये दहा अक्षरी, मधली आठ गाळून के८एस, त्याच्या निम्मं म्हणजे पाच अक्षरी, म्हणून के३एस. कंटेनर (ॲप आणि त्याला लागणारं सगळं बांधलेली पेटी) चालवणारं कंटेनरडी, पॉडांचं (कंटेनरांच्या गटांचं) नेटवर्क जोडणारं फ्लॅनेल, नावं सोडवणारं कोअरडीएनएस, बाहेरची वर्दळ आत घेणारं ट्रेफिक नावाचं साधन, हे सगळं एका इन्स्टॉलमध्ये येतं. क्लस्टरची नोंदवही ईटीसीडी या डेटाबेसऐवजी एसक्यूलाइटच्या साध्या फाइलमध्ये राहते. मायक्रोके८एस आणि के०एस हेही याच जातकुळीतले. मी के३एस धरलं, कारण त्यात बिघाड शोधायला जागा कमी आहेत.

एक सूचना: लेखातल्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

मशीन घेताना

के३एसची स्वतःची किमान अट अशी आहे (क्लस्टरमधलं प्रत्येक मशीन म्हणजे एक नोड): मुख्य नोडला, म्हणजे सर्व्हरला, २ कोअर आणि २ जीबी रॅम, कामकरी नोडला, म्हणजे एजंटला, १ कोअर आणि ५१२ एमबी. सर्व्हरच्या बाबतीत काटकसर करू नका. १ जीबीवर तो उभा राहतो, पण दुपारच्या उन्हात चढ चढणाऱ्या म्हाताऱ्या एसटीसारखा. एजंटला मात्र १ जीबी पुरतो. के३एसच्याच मोजमापानुसार एजंट स्वतःसाठी साधारण २७५ एमबी घेतो. ऑपरेटिंग सिस्टिमचा वाटा वजा केला तरी चार-पाचशे एमबी तुमच्या ॲपांसाठी उरतात. मी सुरुवात २ जीबीच्या एका आणि १ जीबीच्या दोन मशीनवर केली आणि अजून तेवढ्यावरच आहे.

घेताना दोन गोष्टी तपासा. पहिली, प्रोसेसर. आर्म प्रोसेसरचे व्हीपीएस अनेकदा स्वस्त पडतात आणि के३एस त्यावर छान चालतं, पण तुमची इमेज (ज्या साच्यातून कंटेनर बनतो तो) आर्मसाठी बांधलेली नसेल तर लॉगमध्ये 'एक्झेक फॉरमॅट एरर' एवढंच दिसतं आणि नवखा माणूस दिवसभर ॲपमध्ये चूक शोधत बसतो. इंटेल आणि आर्म असे मिश्र नोड पहिल्या खेपेला ठेवूच नका. दुसरी गोष्ट, ठिकाण. वापरणारे महाराष्ट्रात असतील तर मुंबई किंवा बंगळूरूचं डेटासेंटर निवडा, आणि सगळी मशीन एकाच कंपनीकडून, एकाच डेटासेंटरमध्ये घ्या. त्यांच्यात खासगी नेटवर्क मिळतं. पुढची निम्मी डोकेदुखी तिथेच मिटते.

मशीन हातात आल्यावर एकदा टॉप ही आज्ञा चालवून 'एसटी' या खुणेपुढचा आकडा बघा. तुमच्या वाट्याचा प्रोसेसर शेजारचे किती वापरतायत, ते तो सांगतो. तो कायम दहाच्या वर असेल तर मशीन परत करा.

जमीन नांगरून घ्या

प्रत्येक मशीनला वेगळं होस्टनेम द्या: तांडेल, खलाशी-एक, खलाशी-दोन, काहीही (अर्थात रोमन छोट्या अक्षरांत). ऑपरेटिंग सिस्टिमच्या एकाच साच्यावरून मशीन बनवली की सगळ्यांचं नाव सारखं येतं, आणि के३एस नोड नावावरून ओळखतं. एकाच नावाने दोघे दारात आले तर दुसरा बाहेरच राहतो.

सर्व्हरवर १ जीबीची स्वॅप फाइल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) करून ठेवा. के३एस स्वॅप पाहून अडून बसत नाही. कंटेनरांना ती मिळेलच असं धरू नका, पण बाकीच्या यंत्रणेला ऐनवेळी श्वास घ्यायला जागा राहते. सिस्टिमच्या जर्नल लॉगला दोनशे एमबीची मर्यादा घाला. २० जीबीच्या डिस्कवर लॉग आणि जुन्या इमेज मिळून कधी जागा खातात कळत नाही, आणि डिस्क भरत आली की के३एस पॉड हाकलायला लागतं.

आता फायरवॉल. इथे घाई नको. जगाला फक्त ८० आणि ४४३ हे पोर्ट उघडे. एसएसएच शक्य तर फक्त तुमच्या पत्त्यावरून. ६४४३ हा टीसीपी पोर्ट, म्हणजे तांडेलाचं दार, फक्त एजंटांच्या खासगी पत्त्यांना. नोडांनी एकमेकांशी बोलायचे ८४७२ यूडीपी आणि १०२५० टीसीपी, हेही फक्त आपापसांत. यातला ८४७२ चुकून जगाला उघडा राहिला तर कोणीही तुमच्या क्लस्टरच्या आतल्या नेटवर्कमध्ये शिरू शकतो; त्या वाहतुकीला ना कुलूप ना कडी.

हे नियम व्हीपीएस कंपनीच्या पॅनेलमधल्या फायरवॉलमध्ये लावा, मशीनवरच्या युएफडब्ल्यू या फायरवॉलवर विसंबू नका. कंटेनरांकडे वळवलेली वाहतूक युएफडब्ल्यूच्या आत येणाऱ्या नियमांच्या हातावर तुरी देऊन निघून जाते. तुम्हाला वाटतं दार बंद आहे, आणि ते सताड उघडं असतं. युएफडब्ल्यू ठेवायचंच असेल तर पॉडांची १०.४२.०.०/१६ आणि सर्व्हिसेसची १०.४३.०.०/१६ ही पत्त्यांची गल्ली त्यात मोकळी करा, नाहीतर पॉड एकमेकांना ओळखच देणार नाहीत.

मशीन वेगवेगळ्या कंपन्यांची असतील आणि मध्ये उघडं इंटरनेट असेल, तर फ्लॅनेलला वायरगार्ड-नेटिव्ह या पद्धतीने चालवा. मग नोडांमधली वाहतूक कुलूपबंद होते आणि ८४७२ ऐवजी ५१८२० यूडीपी लागतो. प्रत्येक नोडला त्याचा बाहेरचा पत्ता 'नोड-एक्स्टर्नल-आयपी' मधून आणि सर्व्हरला शिवाय 'फ्लॅनेल-एक्स्टर्नल-आयपी' हा पर्याय द्यावा लागतो. चालतं, पण पहिल्या क्लस्टरला हे शिकू नका.

इन्स्टॉल

यातला सगळ्यात सोपा भाग हा. आधी ईटीसी फोल्डरमध्ये रँचर, त्यात के३एस असं फोल्डर करा आणि आत कॉन्फिग डॉट यॅमल ही फाइल लिहा. नोड-आयपी म्हणून खासगी पत्ता, फ्लॅनेल-आयफेस म्हणून त्या खासगी नेटवर्कच्या इंटरफेसचं नाव, एवढ्या दोन ओळी पुरे. पर्याय आज्ञेत न लिहिता फाइलमध्ये लिहिण्याचा फायदा सहा महिन्यांनी कळतो: अपग्रेडच्या वेळी 'तेव्हा मी काय काय दिलं होतं' हे आठवत बसावं लागत नाही. यॅमलमध्ये टॅब चालत नाही, फक्त स्पेस. एका जागेच्या चुकीने फाइल फुकट जाते.

मग गेट डॉट के३एस डॉट आयओ या पत्त्यावरची स्क्रिप्ट कर्लने आणून शेलला द्यायची. इंटरनेटवरची स्क्रिप्ट थेट रूट म्हणून चालवणं तुम्हाला खटकत असेल तर चांगलंच आहे; आधी फाइल उतरवून वाचा, मग चालवा. मिनिटभरात काम होतं. 'के३एस कुबसीटीएल गेट नोड्स' म्हटलं (कुबसीटीएल म्हणजे क्लस्टरला हुकूम द्यायचं साधन) की एक ओळ येते आणि तिच्यात 'रेडी' दिसतं.

एजंट जोडायला टोकन लागतं. ते सर्व्हरवर व्हार, लिब, रँचर, के३एस, सर्व्हर या वाटेवरच्या नोड-टोकन फाइलमध्ये असतं. एजंटवर तीच स्क्रिप्ट चालवताना के३एस-युआरएलमध्ये सर्व्हरचा खासगी पत्ता ६४४३ पोर्टसह, आणि के३एस-टोकनमध्ये ते टोकन द्या. दोन्ही नावं मोठ्या अक्षरांत, मध्ये अंडरस्कोर. नोड यादीत आला नाही तर दहातल्या नऊ वेळा ६४४३ अडलेला असतो. एजंटवर 'जर्नलसीटीएल डॅश यू के३एस-एजंट' बघा. कारण तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं.

आपल्या लॅपटॉपवरून क्लस्टर चालवायचा तर सर्व्हरवरची के३एस डॉट यॅमल ही फाइल उतरवून घ्या. तिच्यात पत्ता १२७.०.०.१ असा असतो. बहुतेक जण तो बदलून सार्वजनिक पत्ता घालतात आणि ६४४३ जगाला उघडतात. तसं करू नका. एसएसएचचा बोगदा काढून लॅपटॉपचा ६४४३ सर्व्हरच्या ६४४३ ला जोडा. फाइलमध्ये एक अक्षरही बदलावं लागत नाही. ती फाइल म्हणजे घराची मास्टर किल्ली आहे, व्हॉट्सॲपवर कुणाला पाठवायची नाही.

पहिलं ॲप, आणि खानावळीचा हिशेब

पॉड म्हणजे शेंग, आत एक किंवा जास्त दाणे, म्हणजे कंटेनर. किती शेंगा हव्या ते डिप्लॉयमेंट सांगतं. त्यांना एक कायमचं नाव देते ती सर्व्हिस. आणि 'अमुक डोमेनवर आलेला माणूस त्या सर्व्हिसकडे पाठव' हे इन्ग्रेस सांगतं. तीन तुकडे, एकाच फाइलमध्ये तीन डॅशांच्या ओळीने वेगळे केलेले, 'कुबसीटीएल अप्लाय डॅश एफ' ने लागू. सुरुवातीला एनजिनएक्स या वेबसर्व्हरची साधी इमेज लावून बघा. डोमेनचा ए-रेकॉर्ड कुठल्याही एका नोडच्या सार्वजनिक पत्त्याकडे वळवा. के३एसचा सर्व्हिसएलबी प्रत्येक नोडवर ८० आणि ४४३ धरून बसलेला असतो, त्यामुळे दार कुठलंही वाजवा, माणूस आत येतो.

आता छोट्या मशीनचा खरा विषय: मेमरी. प्रत्येक कंटेनरला दोन आकडे लिहिता येतात, रिक्वेस्ट आणि लिमिट. खानावळीत रिक्वेस्ट म्हणजे राखून ठेवलेलं पान. मालक नवीन गिऱ्हाईक घेताना पानं किती राखली आहेत एवढंच बघतो, कोण किती जेवतोय ते बघत नाही. लिमिट म्हणजे जास्तीत जास्त किती वाढायचं. त्याच्या वर हात गेला की आचारी गिऱ्हाइकाला थेट बाहेर काढतो. लॉगमध्ये याला 'ओओएमकिल्ड' म्हणतात आणि एक्झिट कोड १३७ दिसतो.

नवखा माणूस दोन्ही आकडे रिकामे ठेवतो. मग तांडेलाला वाटतं सगळी पानं मोकळी आहेत, आणि तो १ जीबीच्या मशीनवर पाच ॲप नेऊन बसवतो. एके रात्री ती सगळी एकदम भुकेली होतात आणि मशीनच आडवं होतं. दुसरं टोक म्हणजे घाबरून प्रत्येकाला ५१२ एमबी राखून ठेवणं. मग दुसरं ॲप 'पेंडिंग' मध्ये अडकतं, 'इनसफिशियंट मेमरी' असं कारण येतं, आणि प्रत्यक्षात मशीन अर्धं रिकामं असतं. माझी रीत अशी: आठवडाभर ॲप अंदाजे लिमिटवर चालवायचं, 'कुबसीटीएल टॉप पॉड्स' ने रोज नजर टाकायची, नेहमीचा वापर रिक्वेस्टमध्ये लिहायचा आणि त्याच्या दीडपट लिमिट. प्रोसेसरला रिक्वेस्ट देतो, लिमिट देत नाही. प्रोसेसर कमी पडला तर काम फक्त हळू होतं, कुणी मरत नाही.

जावाची ॲप असतील तर एक खोच. जावा लिमिट वाचते, पण आपल्या हीपसाठी (ॲपच्या डेटाच्या मेमरीसाठी) सहसा त्याचा पावच भाग घेते. ५१२ एमबी लिमिट दिलं की हीपला साधारण १२८ एमबी मिळतात आणि ॲप कुरकुरत राहतं. मॅक्स-रॅम-पर्सेंटेज वाढवा.

साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित जोडणीवर हवी तर सर्ट-मॅनेजर बसवा. तो लेट्स एन्क्रिप्टकडून ९० दिवसांची प्रमाणपत्रं आणतो आणि मुदतीआधी बदलतोही. आधी त्यांच्या स्टेजिंग, म्हणजे चाचणीच्या, सेवेवर प्रयोग करा. खऱ्या सेवेवर त्याच नावांसाठी आठवड्याला पाचच प्रमाणपत्रं मिळतात, आणि चुकांच्या नादात ती पहिल्या तासात संपतात. हा अनुभव मी स्वतः घेतला आहे, तोही वेबसाइट दुसऱ्या दिवशी दाखवायची असताना.

डेटा कुठे राहतो?

बहुतेक लोक इथे पडतात. पॉड आज या नोडवर, उद्या त्या. डेटा मात्र डिस्कवर असतो, आणि डिस्क चालत जात नाही. के३एससोबत लोकल-पाथ नावाची सोय येते: तुम्ही जागा मागितली की ज्या नोडवर पॉड बसला त्याच नोडवर एक फोल्डर बनतं. त्यानंतर तो पॉड त्या नोडला जन्माचा बांधला जातो. नोड मेला तर पॉड दुसरीकडे उभा राहत नाही, 'पेंडिंग' मध्ये वाट बघत बसतो. तुम्ही मागितलेला '५ जीबी' हा आकडाही कागदावरचाच. फोल्डर डिस्क भरेपर्यंत वाढू शकतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं: जागेची मागणी, म्हणजे पीव्हीसी, पुसली की डीफॉल्टने डेटाही पुसला जातो. 'साफसफाई' म्हणून नेमस्पेस (क्लस्टरमधला एक कप्पा) उडवणारे हात यामुळे भाजलेले आहेत.

सगळ्या नोडांवर डेटाच्या प्रती ठेवणारी लाँगहॉर्नसारखी व्यवस्था आहे, पण १-२ जीबीच्या मशीनवर ती बसवणं म्हणजे सायकलच्या कॅरिअरवर कपाट. माझा सल्ला साधा: पोस्टग्रेस हा डेटाबेस क्लस्टरच्या बाहेर, एका मशीनवर थेट बसवा, खासगी पत्त्यावरून ॲपांना जोडा, आणि रोज रात्री पीजी-डंप काढून वेगळ्या कंपनीच्या स्टोरेजवर पाठवा. क्लस्टरमध्ये फक्त अशी ॲप ठेवा जी मेली आणि दुसरीकडे उठली तरी काही हरवत नाही. हे कुणाला जुनाट वाटेल. वाटू दे.

मुद्दाम मोडून बघा

सगळं चालतंय असं दिसलं की पॅनेलमध्ये जाऊन एक एजंट बंद करा. मिनिटभरात तो 'नॉटरेडी' दिसेल. पण त्यावरची ॲप लगेच दुसरीकडे जात नाहीत. तांडेल नेटवर्कची उचकी असेल म्हणून आणखी पाच मिनिटं थांबतो. ही पाच मिनिटं जास्त वाटत असतील तर डिप्लॉयमेंटमध्ये टॉलरेशनचे सेकंद कमी करता येतात. आणि डोमेन त्याच नोडकडे वळवलेलं असेल, तर ॲप दुसरीकडे उठूनही साइट बंदच राहील. हे कागदावर वाचून लक्षात राहत नाही, एकदा बघितलं की राहतं.

मग सर्व्हर बंद करा. एजंटांवरची ॲप चालू राहतात, फक्त नवीन हुकूम कोणी घेत नाही. मात्र कोअरडीएनएसचा पॉड एकच असतो. तो सर्व्हरवरच बसला असेल तर चालू ॲपांना एकमेकांची नावं सापडेनाशी होतात. यावर उपाय म्हणून लोक लगेच दुसरा सर्व्हर जोडायला धावतात. दोन सर्व्हरनी काही साधत नाही: एकाहून जास्त सर्व्हर असले की नोंदवही सहसा एसक्यूलाइटऐवजी ईटीसीडीत ठेवतात आणि ईटीसीडीला बहुमत लागतं, दोघांतला एक गेला की बहुमतही गेलं. घ्यायचे तर तीन, प्रत्येकी निदान २ जीबीचे, बऱ्या डिस्कचे. तोवर एक सर्व्हर आणि चांगला बॅकअप पुरतो.

तो बॅकअप असा. 'सिस्टमसीटीएल स्टॉप के३एस' म्हणा. यात चालू कंटेनर बंद होत नाहीत, फक्त तांडेल डुलकी घेतो. सर्व्हर फोल्डरमधलं डीबी हे फोल्डर आणि त्याच्या शेजारची टोकन फाइल दोन्ही दुसरीकडे कॉपी करा, सेवा पुन्हा चालू करा. टोकनाशिवाय डीबीचा उपयोग नाही, हे विसरणारे बरेच. यॅमल फाइल गिटमध्ये असतातच असं मी धरून चाललो आहे.

अपग्रेडला तीच स्क्रिप्ट पुन्हा चालवायची, आधी सर्व्हरवर, मग एकेका एजंटवर. मधली आवृत्ती गाळून उडी मारू नका. एजंट हाताळण्याआधी 'कुबसीटीएल ड्रेन' ने त्यावरची ॲप हलवा आणि नंतर 'अनकॉर्डन' करायला विसरू नका, नाहीतर तो नोड महिनाभर रिकामा बसून भाडं खातो. अंतर्गत प्रमाणपत्रांची मुदत एक वर्षाची असते. ती संपत आली असताना सेवा रीस्टार्ट झाली की नवी बनतात. म्हणजे वर्षभर कुणी हातच लावला नाही असा क्लस्टर एके सकाळी तुम्हाला ओळखत नाही. तीन-चार महिन्यांनी एकदा अपग्रेड करणाऱ्याला हे कळतही नाही.

आणि एखादा एजंट पुसून त्याच नावाने पुन्हा बसवला, तर तो 'नोड पासवर्ड रिजेक्टेड' म्हणत दारातच अडतो. जुन्या नोडची नोंद अजून वहीत आहे एवढंच त्याचं कारण. सर्व्हरवर 'कुबसीटीएल डिलीट नोड' आणि पुढे त्याचं नाव द्या, एजंटची सेवा रीस्टार्ट करा, दोन मिनिटांत तो यादीत परत येतो.